उतार बघून

दोन हिवाळे मी उतार बघून काढले.
आचाओच्या चर्चमागची गल्ली चालते.
दवाखान्याची चालते, पण तोंड समुद्राकडे करून.
फेरीबोटीवर इंजिन बंद करायचं नाही,
खलाशी कितीही ओरडला तरी.
बेकरी सपाटीवर, म्हणून पाव घरीच.
आणि ओदिलिया राहते भरतीच्या रेषेला लागून,
पोळपाटासारख्या जागी.
म्हणून ओदिलियाकडे नाहीच.

गाडी भावाची. प्यूजो, पिकअप,
माझ्या थोरलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.
रिगोबेर्तो पुंता अरेनासला गेला तेव्हा
किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला,
बटाटे ओढायला लाव, लाड करू नकोस.

लाड कसले.
किल्ली फिरवली की कधी नुसतं टक्क.
कधी घर्रर्र, म्हणजे मोटर फिरतेय
पण एकटीच, रिकाम्या घरात कुणी बडबडावं तशी.
आणि कधी, काही कारण नसताना,
पहिल्या झटक्याला सुरू.
त्या शहाणपणानंच घोळ घातला.

इथली हवा खारी, टर्मिनलवर हिरवी बुरशी.
खरवडली. बॅटरी बदलली.
अर्थची वायर नवी, जाड, करंगळीएवढी.
टक्क थांबलं. घर्रर्र राहिलं.
कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले, तेही बदलले.
कास्त्रोच्या भंगारातून एक स्टार्टर आणला,
तो अकरा दिवस टिकला.
मग नवाकोरा, डब्यातला,
सतरा पोती बटाट्यांचा.
तो नऊ.
शेजारी म्हणाला, हातोडी मार.
मारली. कधी लागू पडायची, कधी नाही,
म्हणून तर तिच्यावरचा विश्वास जाईना.

एलेउतेरियो वेन्चूर बोटींची इंजिनं बघतो,
गाड्यांना सहसा हात लावत नाही.
माते प्यायला म्हणून आला.
बॉनेट उघडलंच नाही. विचारलं,
घर्रर्र झाल्यावर काय करतेस?
ढकलते.
किती?
किती म्हणजे?
हातभर की शेतभर?
मी आठवून बघितलं.
गिअरमध्ये ठेवून, वीतभर.
वीतभर हलली की पुढच्या किल्लीला धरते.
त्यानं माते खाली ठेवलं.
मग मोटरचा काही गुन्हा नाही, म्हणाला.

गिअरबॉक्स उतरवायला दोन दिवस,
एक बोल्ट तर दुपारभर रुसून बसला.
फ्लायव्हीलच्या कड्यावर बोट फिरव, म्हणाला.
फिरवलं. दात, दात, दात, दात,
आणि एके ठिकाणी उंदरानं कुरतडल्यासारखं.
समोरासमोर तसंच दुसरं.
बाकी सगळं कडं कोरं.
इंजिन वाटेल तिथे थांबत नाही, बाई.
दाबाच्या तोंडाशी येऊन अडतं,
दर वेळी त्याच दोन जागी.
मग स्टार्टरही चावणार तिथेच. चाळीस वर्षं.

नवं कडं बेटावर मिळेना.
जुनंच तापवून, ठोकून काढलं
आणि माझ्या चुलीच्या भट्टीत घातलं, पावाच्या साच्याशेजारी.
पाव आधी झाला. कड्यावर पिवळसर झाक यायला
आणखी तीन ओंडके लागले.
मग चिमट्यानं उचललं,
चौथाई फेरा सरकवून बसवलं,
आणि निवता निवता त्यानं फ्लायव्हील घट्ट कवळलं.
दात तेच. चावा फक्त आता कोऱ्या जागी.
किती वर्षं जाईल?
तुझ्याइतकी तरी, म्हणाला,
आणि गरम पाव काखेत मारून गेला.

रविवारी ओदिलियाच्या अंगणात.
चाकांखाली शिंपले कुरकुरले.
ती दारात, हात पिठाचे,
दोन हिवाळ्यांबद्दल एक शब्द नाही.
म्हणाली, बंद करणार आहेस की तिथूनच बोलणार?
पाय ब्रेकवर, डोळे सवयीनं
उतार शोधायला लागलेले.
नव्हता.
किल्ली फिरवली.
इंजिन दोनदा हललं आणि थांबलं,
त्याच्या ठरलेल्या जागी.